हापशीची बिअर आणि आतली खुर्ची

जपानातलं सेंदाई सोडलं तेव्हा मी स्टेशनवर चक्क भोकाड पसरलं. पुणं सोडताना डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, उलट विमानात खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होते. आईला कळलं तेव्हा तिने फोनवरच झापलं, "आमच्यासाठी नाही रडलीस गं भवाने, आणि त्या गारठलेल्या गावासाठी रडतेस?" पण खरं सांगू? पुण्यात मी वाढले, माणूस झाले ती सेंदाईत.

पीएचडीची ती वर्षं. मिलिंद, अनघा आणि मी. लॅब सुटली की सायकली दामटत आम्ही छोट्या पबांत जायचो. तिथली एल नावाची बिअर हातपंपाने ओढून देतात, फेस कमी, गारही बेताचीच. आमच्यासाठी ती हापशीची बिअर. एका ठिकाणी एकच ग्लास, की पुढचा पब. आई म्हणायची, "काय खातेस ते सांग, काय पितेस ते मी विचारत नाही." मग मला नागोयात गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली. ते दोघं आपापली लग्नं करून सेंदाईतच राहिले.

गेल्या वर्षी आई गेली. दादाने पुण्यातला आमचा फ्लॅट विकला. नागोयात ऑफिसात मी जोशी-सान, आणि घरी हाक मारायला कुणीच नाही. अशात सेंदाईच्या विद्यापीठात एक जागा निघाली. म्हटलं, जाऊन या दोघांनाच विचारावं, "मी परत येऊ का रे?" नुसतं "ये" म्हणाले असते तरी नोकरीवर लाथ मारली असती.

पहिला पब तोच जुना. मी सवयीने दाराजवळच्या खुर्चीवर बसले. आमच्यात मी धाकटी, ऑर्डर देण्याचं काम माझं, म्हणून ती खुर्ची माझी. मिलिंदने हात धरून उठवलं. "अगं, तिथे काय! आत बस." तिकडे भारतात असलेल्यांसाठी सांगते, जपानात दारापासून सगळ्यात लांबची जागा पाहुण्याची. ऑफिसच्या पार्टीत मीही पाहुण्यांना तशीच बसवते.

बसले आत, भिंतीला टेकून. अनघाने माझा कोट घेतला, प्रवासाची दगदग झाली का विचारलं. पूर्वी ही बाई माझ्या ताटलीतलं न विचारता उचलायची. इतकी माया करत होते दोघं, आणि मला ओरडावंसं वाटत होतं, अरे, शिव्या घाला ना मला!

दुसऱ्या पबात कळलं. मिलिंद सेंदाई सोडून त्सुकुबाला चाललाय. अनघा मार्चमध्ये पुण्याला, कायमची. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. "ग्रुपवर बोललो होतो ना आपण?" मिलिंद म्हणाला आणि त्याने जीभ चावली. त्या ग्रुपवर मी नव्हतेच. राग तरी कुणाचा धरायचा? सोडून मीच गेले होते.

"तुझं काय चाललंय?" अनघाने विचारलं.

"मस्त," म्हटलं. जे विचारायला आले होते ते विचारलंच नाही. तिसऱ्या पबात आम्ही गेलोच नाही.

आपली माणसं तिथे आपलं घर, असं म्हणतात. आणि माणसंच उठून गेली की? तिकडे राहिलेल्यांनो, माझ्यासारख्या निघालेल्यांनो, तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा, मला खरंच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी अनघा स्टेशनवर सोडायला आली. गाडी लागली तेव्हा मला घट्ट जवळ घेऊन म्हणाली, "आता पुण्याला आलीस की माझ्याकडेच उतरायचं हं. हॉटेलात गेलीस तर बघ!"

अनघा मूळची नागपूरची. पुणं माझं. मी म्हटलं, "नक्की येईन."