पिवळ्या कापडाखाली

पेणच्या दुकानात दुकानदाराने गठ्ठा सोडला आणि नव्या जाड कापडाचा तो उग्र, गरम वास आला. अंगणात सावलीसाठी कापड घ्यायला आले होते, पण मन थेट रोह्याला गेलं, माझ्या लग्नाआधीच्या उन्हाळ्यात.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मांडवाचं कापड निवडायला मलाच बाजारात नेलं होतं. दुकानदार एकेक कापड उन्हात ताणून धरायचा आणि अण्णा म्हणायचे, "खाली उभी रहा गो." भर बाजारात मी लाजून अर्धी झाले.

"काका, ऊनच अडवायचं हाय ना?" दुकानदार वैतागला.

"व्हय. पन निळ्याखाली माझी पोर आजारी दिसते. नाय चालणार."

शेवटी पिवळं निघालं. त्याच्याखाली मी उभी राहिले आणि अण्णा कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. मला वाटलं, कापड बघतायत. मग हळूच म्हणाले, "हेच द्या."

आज दुकानदाराने पिवळं कापड दारात ताणलं, तशी मी नकळत त्याच्याखाली जाऊन उभी राहिले.

"ताई, हात लावून बघा ना. तिथं कशाला उभ्या?"

कुणीतरी "हेच द्या" म्हणेल, म्हणून मी थांबले होते.