सुनंदासाठी आलेला निरोप

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. शेवगावात माझं सलून आहे, बावीस वर्षं झाली. खुर्चीत बसलं की माणूस काहीही सांगतो... कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाला रस्त्यात मागून हाक येते. मी "हो का" म्हणायचो आणि मशीन फिरवत राहायचो. आज मीच लिहायला बसलोय. आणि खरं सांगू? मला भीती वाटत नाही, चीड येते.

माझी मुलगी सई अकरा वर्षांची असताना गेली. नगरला पोटाचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. त्याच्या काही महिने आधी शेवगावच्या एसटी स्टँडवर तिने मला विचारलं होतं, "पप्पा, या लोकांचे केस कोण कापतं?" स्टँडवरच राहणारी, घरदार नसलेली माणसं असतात ना, त्यांच्याबद्दल. मी म्हणालो, "बघू." बघितलं कधीच नाही. ती गेल्यावर मात्र तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. सोमवारी दुकान बंद असतं. पिशवीत कात्री, मशीन, साबण, जुने कपडे भरून मी दर सोमवारी निघायला लागलो. शेवगाव, पाथर्डी, तिसगाव... जिथं कुणी उघड्यावर राहतंय तिथं.

लोकांना वाटतं, असं काम केलं की मन शांत होतं. कसलं शांत! ज्याला आज आंघोळ घालून स्वच्छ करावं, तो पुढच्या सोमवारी पुन्हा तसाच. एकाने तर मला दगड मारला. गिऱ्हाईक विचारतात, "तीच कात्री आमाला न्हाई ना लावत?" पाहुणे म्हणतात, त्यापेक्षा पोरीच्या नावाने देवळात पंगत घाला. आणि सगळ्यात जास्त डोकं फिरायचं ते मोबाईलवाल्यांमुळे. मी कुणाची दाढी करायला बसलो की चार जण व्हिडिओ काढायला हजर. "बादलीभर पाणी आणा रे" म्हटलं की एकही जागचा हलणार नाही.

तिसगावात बाजारतळाच्या कडेला, एका बंद टपरीच्या आडोशाला एक म्हातारा राहायचा. नाव कुणालाच माहीत नव्हतं. सहा महिने मी त्याच्यापुढे बसून विनवण्या केल्या. मशीन दिसलं की तो दोन्ही हातांनी डोकं गच्च धरायचा. तोंडातून शब्द नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे बारा वाजले असतील. बाजाराचा दिवस नव्हता, उन्हाने तळ ओस पडला होता. मी गाडी लावली तर हा स्वतःहून उठला, माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसला आणि मान खाली घातली! मी गुपचूप गळ्याभोवती कापड बांधलं. तासभर केस काढत होतो. मग दाढी केली. शेवटी मानेवरचे केस झटकत होतो, तेवढ्यात तो बोलला. घोगरा आवाज, पण अगदी स्पष्ट —

"पोरीनं पानी मागितलं तवा आई जागी हुती. पोरीला म्हाईत हाय. ती रागावली न्हाई."

माझा हात तिथंच थांबला. "कोण पोरगी? बाबा, कुणाबद्दल बोलताय?"

 मी त्याचे खांदे धरून हलवले, ओरडलोसुद्धा. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मलाच वेड लागलंय.

मला वाटलं, बडबडला असेल काहीतरी. घरी जेवताना सहज बायकोला, सुनंदाला सांगितलं. ती तव्यावर भाकरी टाकत होती. तिने गॅस बंद केला.

"अहो, तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"अगं, त्या म्हाताऱ्यानंच. का?"

ती तिथंच खाली बसली. मग जे बोलली, ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सईला पाणी द्यायला मनाई केली होती. शेवटच्या दिवशी पहाटे सईने दोनदा हाक मारली... "आई, पाणी." सुनंदा कॉटखाली चादरीवर पडली होती, जागीच होती. पुन्हा नाही म्हणायचा जीव होईना म्हणून तिने डोळे मिटून घेतले. झोपेचं सोंग घेतलं. त्यानंतर सई बोललीच नाही. मी तेव्हा खाली औषधाच्या दुकानात होतो.

"मी कुणाला नाही सांगितलं हो," सुनंदा म्हणाली. "माझ्या आईलासुद्धा नाही."

त्या दिवशी ती खूप रडली. पण तेव्हापासून ती नीट झोपते, नीट जेवते. आणि मी? मी दर सोमवारी त्या म्हाताऱ्यापुढे बसून, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, वेड्यासारखा विचारायचो, "बाबा, माझ्यासाठी काही म्हणाली का ती?" तो नुसती मान पुढे करायचा. कापा म्हणून.

दोन महिन्यांनी तिसगावहून फोन आला. म्हाताऱ्याचा भाऊ सापडला होता... तोही कुणीतरी काढलेल्या व्हिडिओमुळे! दाढी उतरल्यावर चेहरा ओळखू आला. भाऊ बेलापूरचा शेतकरी, टेम्पो घेऊन आला होता. माझे हात सोडेना.

"नऊ वर्सं हुडकतोय, दादा. लई उपकार झाले."

मी म्हणालो, "तुमचे भाऊ फार कमी बोलतात."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "बोलतात? दादा, त्यो जन्माचा मुका हाय. ऐकूबी येत न्हाई त्याला. आमच्या आईनंबी त्याच्या तोंडून कधी शबूद ऐकला न्हाई."

  म्हाताऱ्याला टेम्पोत बसवताना मी शेवटचं तेच त्याच्या कानाशी वाकून विचारलं. ऐकू येत नाही हे कळल्यावरसुद्धा विचारलं! त्याने स्वच्छ मानेवरून हात फिरवला आणि हसला. टेम्पो गेला.

मी अजून चिडलेलोच आहे. कुणावर, ते कळत नाही. सोमवारी अजून जातो, हल्ली सुनंदाही येते. दोन डॉक्टरांना विचारलं, एका मास्तरांना विचारलं. तिघांनीही तेच सांगितलं, की तुमच्या मनातलंच तुम्हाला ऐकू आलं. हे वाचणारे तुम्हीही तेच म्हणाल. पण एवढं मात्र समजावून सांगा... जी गोष्ट माझ्या मनात नव्हतीच, ती मला ऐकू आली कशी?