मुका पाइप

पर्वत पाटिया भागातले आमचे प्लंबर कुठलाही पाइप बसवण्याआधी पान्याने वाजवून बघतात. बाथरूमसाठी मी लोखंडाऐवजी पॉलिइथिलीनचा आणला, कारण तो बनवताना कार्बन कमी निघतो. त्यांनी तो वाजवला, लोखंडासारखा तो खणखणला नाही, आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. "हाऊ ते मुका शे, भाऊ!"

मी हसलो, पण धास्ती होतीच. भिंतीत बुजवल्यावर गळला तर नवी भिंत फोडावी लागणार आणि वाचवलेला कार्बन पुन्हा सिमेंटात जाणार.

पाणी सोडल्यावर ते माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, चिमूटभर पीठ द्या." ते त्यांनी प्रत्येक जोडावर भुरभुरलं आणि समोर बसून राहिले. संध्याकाळी फुंकर मारली. पीठ कोरडंच उडालं.

"मुका शे, पन पानी पोटात ठेवस," म्हणाले, आणि पाना पिशवीत टाकून त्यांनी पाइपला बोटानेच टिचकी मारली.