वरचा सूर

माझे धाकटे दीर शिंपी. मशीनवर तीस वर्षं एकाच रॉक गायकाची गाणी म्हणत आले. आता घशात गाठ आहे, डॉक्टर घाई करतात. पण आवाज जाईल म्हणून भावोजी ऑपरेशनला तयार नाहीत.

"वहिनी, पंचाहत्तरीत माझ्या गायकानं त्याच्या गाण्यातला तो वरचा सूर लावला, तर मीही हिंमत करतो. ऑपरेशनच्या कागदावर सही करतो."

म्हणून आज मीच त्यांना त्या गायकाच्या कार्यक्रमाला नेलं. त्या दणदणाटात देवाचं नाव घेत बसले. त्या सुराची जागा आली आणि म्हाताऱ्यानं माइक लोकांकडे वळवला! सगळे ओरडले, मीही जीव तोडून ओरडले. भावोजींनी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"लबाडानं माझ्यावरच ढकललं की," ते पुटपुटले.

संमतीचा कागद देवापुढे ठेवलाय. सही अजून नाही.