सोमवारपर्यंत

अहमदपूरच्या आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे कायम असायचे. अन्याय दिसला की आधी लिहायचं, भिंतीला चिकटवायचं, बोलणं मागाहून, ही वडिलांची शिस्त. मी खळ शिजवतच वाढलो.

नांदेडला एम.एस्सी.च्या प्रकल्पात निलंग्याची एक मुलगी माझी जोडीदार होती. प्रकल्प नीट पार पडला तर तिची पीएच.डी.ची जागा पक्की होती. घरच्यांनी तेवढ्यासाठीच तिचं लग्न थांबवलं होतं.

आम्ही कापसातला सेल्युलोज आयनिक द्रवात विरघळवत होतो. आयनिक द्रव म्हणजे पाण्याशिवायच द्रवरूप असलेलं मीठ. ते काकवीसारखं दाट, ढवळणी अडायची. डीएमएसओ हे द्रावक मिसळलं की ते पातळ व्हायचं आणि कापूस लवकर विरघळायचा.

"तुझ्या भाषणातबी थोडं डीएमएसओ घाल," ती म्हणायची. "लई दाट असतंय."

मी हसायचो. ती मला आवडते, हे मात्र कधी बोललो नाही.

पावसाळ्यात त्या द्रवाने हवेतला ओलावा शोषला आणि कापूस विरघळेना. तरी नोंदवहीत एका नमुन्यापुढे तिने 'पूर्ण विरघळला' असं लिहिलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली मला त्यात तंतू दिसत होते.

"गाईड सरांनी लिहायला लावलं," ती म्हणाली. "सोमवारी त्यांच्याशी बोलून मीच खोडणार हाय. तंवर गप बस."

शनिवारी मी विभागाच्या दाराला पत्रक लावलं. मार्गदर्शक खोट्या नोंदी करून घेतात, असं त्यात स्पष्ट लिहिलं. तिचं नाव गाळलं, म्हणजे तिला वाचवलं, असं मला वाटलं. पण वहीतलं अक्षर तिचं होतं. सरांनी हात वर केले. आमचा प्रकल्प रद्द झाला, तिची जागाही गेली. माझी साक्ष कुणी मागितली नाही.

ती गावी निघाली तेव्हा मी बसस्टँडवर गेलो. ती खिडकीशी बसली होती.

"तुझ्या पत्रकात एकबी वाक्य खोटं न्हाई," ती म्हणाली. "पण सोमवारपर्यंत का थांबला न्हाईस? तुमच्या घरी माणसांशी बोलतच न्हाईत का रे?"

मी सरांच्या लबाडीबद्दल बोलायला लागलो. तिने थोडा वेळ ऐकलं, मग तोंड फिरवलं. बस लागली होती, कंडक्टर तिकिटं फाडत होता, आणि मी खाली उभा राहून बोलतच होतो.

दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. मला बोलावणं नव्हतं.