सातबाऱ्यावरचा 'इतर'

"काका, एक अर्ज लिहायचाय, तुमच्याच अक्षरात हवा," असा पुतणीचा, मंगलचा फोन आला आणि मी पिशवी भरली. कासारवाडीत उभी हयात लेथवर गेली. शाळेत कमावलेलं वळणदार अक्षर अजून कुणाला तरी हवंय, याचं अप्रूप वाटलं.

नाशिक फाट्यावरून चाकणची बस सातच्या आत धरा. नंतर कंपन्यांच्या गाड्यांत मोशीपर्यंतच तास मोडतो. मोशी सुटली की इंद्रायणी. पूर्वी इथे दोन्ही अंगांना ज्वारी डुलायची. आता टॉवर नुसते उभे असतात. चाकणला मिसळ खाल्ली (तर्री बेतानं मागा, मी चुकलो) आणि सहा आसनी रिक्षात दहावा होऊन गाव गाठलं.

मंगल वाफ्यात कांद्याची रोपं लावत होती. आमच्या शाळेतल्या कवितांमधला शेतकरी पहाटे मोट हाकायचा आणि कारभारीण भाकरी घेऊन यायची. इथे जावई दत्ता कंपनीतून रात्रपाळी करून येऊन झोपलेला. मोटर, मजूर, खतं सगळं मंगलच्या हाती. बायकांना हाका मारत ती अशी सरसर पुढे जात होती की मी बांधावर बघतच राहिलो.

दुपारी पातीची भाजी, बाजरीची भाकरी झाली आणि कागद निघाला. जमीन एकट्या दत्ताच्या नावावर. नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज दिला की बायकोचं नावही सातबाऱ्यावर लागतं. ते लागलं की मंगल ठिबक सिंचनाच्या अनुदानासाठी स्वतःच्या नावानं अर्ज करणार होती.

मी झोकात लिहून मोठ्यानं वाचलं, "माझ्या पत्नीचे नाव इतर हक्कात दाखल करावे." आमच्या उताऱ्यावर बहिणींची नावं तशीच होती, हात सवयीनं तिकडे वळला.

"थांबा काका. इतर म्हणजे कोण? त्या रकान्यात बँकेचा बोजा असतो, शेजाऱ्याची पाइपलाइन असते. मी त्यांच्या पंक्तीला?"

दत्तानं जांभई दिली. "राहू दे की. नाव लागल्याशी मतलब. उद्या विकायची वेळ आली तर सह्यांचे हेलपाटे नकोत."

"म्हणूनच! शेजारच्यांनी प्लॉट पाडले ते त्यांच्या बायकोला विक्रीची पाटी लागल्यावर कळलं. मी पण पाटी वाचूनच समजून घेऊ?"

उंबऱ्यात लसूण सोलणाऱ्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "दत्त्या, खुरपाया ती इतर न्हाई, पाणी धराया इतर न्हाई. कागदावच कशी रं इतर झाली? मला तर कुनी इतरबी लिवलं न्हाई."

दत्तानं कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहा काका. माझ्या नावाशेजारी."

मी पहिला कागद फाडला. इतकं जपून मी शाळेतही लिहिलं नव्हतं. दत्तानं सही केली. मंगलनं मला स्कुटीवर मागे बसवून थेट तलाठी कार्यालय गाठलं आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ती हलली नाही. तुम्हीही हलू नका.

परतीच्या बसमध्ये एक जुनी कविता मनात म्हटली, शेतकऱ्याच्या जागी मंगलचं नाव घालून. वृत्त मोडलं. मोडू दे, म्हटलं.

घरी आल्यावर बरेच दिवस माझाच 'इतर' टोचत राहिला. बहिणींना कधी विचारलंच नव्हतं. मग एका सकाळी मंगलचा फोन आला: फेरफार मंजूर, नाव दत्ताच्या बरोबरीनं, मालकांच्या रकान्यात.

"आणि काका, ठिबकवाल्याचा फोन आलेला. म्हणाला, ताई, जरा शेतकऱ्याला फोन द्या."

"मग?"

"मग काय! म्हटलं, बोला, ऐकतेय."