आत्याबाईंनी मोडलेली घडी

प्रतिभाताईंचा व माझा परिचय येवल्यातील पैठणीच्या एका दुकानात झाला. मी तेथे मागच्या खोलीत मागासाठी रेशमाच्या कांड्या भरत असे. मधले दार उघडे असल्यामुळे दुकानाची गादी व तिच्यावरील सर्व व्यवहार मला दिसत व ऐकू येत असत.

प्रतिभाताई गादीवर नव्याने लागल्या होत्या. इतर विक्रेते गिऱ्हाईक टेकण्यापूर्वीच साड्या उलगडीत. ताई मात्र हात मांडीवर ठेवून गिऱ्हाइकाचे बोलणे संपण्याची वाट पाहत. लग्नाचा बस्ता घ्यायला आलेल्या मंडळींचे बोलणे सहसा संपत नाही. त्यामुळे ताईंची विक्री फारच कमी होती. अखेर मालक केरूशेठ म्हणाले, "ताई, आज एक बस्ता गेला नाही, तर उद्यापासून गोदामात घड्या घालायच्या."

त्याच दुपारी विंचूरहून नवऱ्या मुलाची माणसे आली. वरमाई मंगलाबाई पुढे बसल्या. मुलाच्या आत्या आक्काबाई मात्र, दिवसभर गाणी वाजवणारा कर्णा टांगलेल्या खांबाला टेकून, भिंतीकडे तोंड करून बसल्या. केरूशेठ स्वतः साड्या दाखवू लागले.

प्रत्येक साडीला मंगलाबाई विचारीत, "कशी हाय, वन्सं?"

आत्याबाई उत्तर देत, "माझा गुडघा दुखतोय."

एवढे झाले, की साडी बाजूला पडे. एक मोरपंखी साडी तर पुन्हा पुन्हा बाजूला पडली. शेठ वैतागून चहा सांगण्यास उठले. तेव्हा प्रतिभाताई गादीवरून उतरून आत्याबाईंजवळ खाली बसल्या.

"कधीपासून दुखतोय, आत्या?"

"जीपमधी बसल्यापासून. जीप दारात उभी राह्यली तवा मला फोन! भावाच्या बस्त्याला मला न्यायला माणूस आला व्हता, माणूस! आन आता? मी काय पिशव्या धरायला आलेय?"

गुडघ्यावरून बोलणे वैद्याकडे गेले, वैद्यावरून त्याच्या सुनेकडे. ताईंनी साडीचे नावही काढले नाही. चहा निवला. शेठ दारातून म्हणाले, "ताई, हे दुकान आहे का दवाखाना?"

आत्याबाई दमून थांबल्या. मग ताईंनी मोरपंखी साडी नीट घडी घालून त्यांच्या मांडीवर ठेवली. "आत्या, पहिला मान तुमचा. घडी तुम्ही मोडा."

आत्याबाईंनी पदर उलगडला, काठावरून हात फिरवला व फर्मावले, "मंगल, हीच घे. एवढी चांगली साडी समोर असून समदे झोपले व्हते का?"

बस्ता तेथेच बांधला गेला. आता आत्याबाई गावातील प्रत्येक लग्नघर घेऊन येतात, आणि प्रतिभाताई रजेवर असल्यास सर्वांना उंबऱ्यावरूनच परत नेतात. केरूशेठांनीही ही रीत अवलंबून पाहिली. ते डोळे मिटून मान डोलावू लागले, तेव्हा एका घाबरलेल्या बाईंनी त्यांच्या तोंडावर पाणी मारले.

त्या बस्त्याच्या संध्याकाळी मात्र शेठ प्रसन्न होते. ते म्हणाले, "ताई, गादी तुमचीच. आणखी काय पाहिजे ते बोला."

प्रतिभाताई म्हणाल्या, "शेठ, दुकानातली गाणी तेवढी बंद ठेवत जा. आत्यांचं निम्मं बोलणं मला ऐकूच आलं नाही."